रॅममध्ये ठेवलेली हळद

विठ्ठलवाडी डेपोच्या मागच्या गल्लीत हरेश गायकरचा गाळा आहे. बाहेर 'व्हिडिओ मिक्सिंग'ची पाटी, आत एक कॉम्प्युटर, दोन स्क्रीन, मोठा इन्व्हर्टर आणि स्वतः हरेश. यांपैकी कॉम्प्युटरशी तो बरा वागतो. बाकी गिऱ्हाईक असो, शेजारचा झेरॉक्सवाला असो, नाहीतर लग्नाची बायको जिज्ञासा असो, समोर आलेल्या माणसावर खेकसल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नाही. नवरी जाड दिसतेय अशी तक्रार घेऊन आलेल्या एका मामाला "जाड आहे म्हणून जाड दिसतेय" असं तोंडावर सांगून त्याने दाराबाहेर काढलं होतं. तरीही अंबरनाथ-बदलापूरचे फोटोग्राफर त्याच्याकडेच येतात, कारण कामात त्याचा हात धरणारा दुसरा कोणी नाही. हे त्याला माहीत आहे, आणि त्याचा माज करायला तो कधी कमी पडलेला नाही.

हरेश मूळचा जांभूळचा, आगरी. बाप जनू भातशेती करायचा आणि उरलेल्या वेळात पाण्याच्या प्लांटवर रोजंदारीला जायचा. आई मोतीबाई ढवळारीण, म्हणजे लग्नाच्या विधींना ढवळे गाणारी बाई. आसपासच्या गावांत हळद लागायची ती तिच्या आवाजावर. थोरला धर्मेश शेतात रमला. हरेश मात्र लग्नातल्या व्हिडिओवाल्यांचे दिवे धरत फिरायचा आणि फिरता फिरता उल्हासनगरच्या कॅम्पात एका सिंधी शेठच्या दुकानात चिकटला. तिथे काम एकच, लग्नाच्या कॅसेटींच्या कॉप्या काढायच्या. मामाला एक, आत्याला एक, दुबईच्या चुलत्याला एक. मूळ कॅसेट परत गेली की कॉपीवरून कॉपी काढायची, आणि शेवटच्या कॅसेटमध्ये नवरा कुठला आणि करवला कुठला हे ओळखू येत नसे. पोटासाठी त्याने वर्षानुवर्षं ते केलं, पण तेव्हापासून कॉपी या शब्दाची त्याला किळस बसली. एक वस्तू, एक जागा, हा त्याचा कायदा झाला. स्वतःच्या कॉम्प्युटरवरही तो कधी कॉपी करत नाही. इकडचं उचलतो आणि तिकडे ठेवतो. दोन-दोन ठिकाणी माल जपून ठेवणारे त्याच्या मते घाबरट.

भावाशी त्याचं फाटलं ते बापाच्या मयताला. जनू गेला तेव्हा हरेश नाशिककडे एका शूटिंगवर होता आणि फोन बॅगेत पडला होता. निरोप कळून तो धावत-पळत जांभूळला पोचला, तर स्मशानात लाकडं विझत आली होती. पाऊस होता, लोक खोळंबले होते, असं धर्मेश म्हणाला. हरेशने तिथेच त्याची गचांडी धरली. "बाचा तोंड पन दाखवला नाय तू मना," असं तो ओरडला, आणि सगळ्या गावादेखत दोन भावांची झोंबी झाली. त्यानंतर हरेश त्या घराची पायरी चढला नाही. आईला भेटायचं झालं तर जिज्ञासा तिला डॉक्टरच्या निमित्ताने बदलापूरला घेऊन येई, आणि हा तिथे जाऊन भेटे. भेटूनही निम्मा वेळ तो भावाच्या नावाने शिव्याच घालत बसे.

अशा माणसाच्या गाळ्यात एके दिवशी धर्मेशची मुलगी रिद्धी येऊन उभी राहिली. तिचं लग्न उन्हाळ्यात झालं होतं. पत्रिका हरेशला मिळाली होती, पण तिसऱ्याच माणसाच्या हातून, म्हणून तो गेला नव्हता. रिद्धीने टेबलावर एक हार्ड डिस्क ठेवली. अंबरनाथ पश्चिमेच्या महेंद्र फोटोग्राफरने केलेलं तिच्या लग्नाचं सगळं शूटिंग त्यात होतं.

"तुज्या बापाला दुसरा कोन गावला नाय?" हरेश म्हणाला.

"गावले असते," रिद्धी म्हणाली. "मला नको होते. काका, करायचं असेल तर करा, नसेल तर आत्ता सांगा. बाबांशी जेवढं भांडायचं तेवढं मी भांडून आलेय."

पोरगी बापासारखीच नाक वर करून बोलत होती. हरेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने डिस्क उचलली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. पावसाळाभर ती तिथेच पडून राहिली. धर्मेशच्या घरी सगळे वाट बघतायत या विचाराने त्याला रोज संध्याकाळी थोडं बरं वाटे. कधी कधी तर डिस्क पुसून टाकावी, असंही मनात येई. तसं तो जिज्ञासाला एकदा बोलूनही गेला होता.

नवरात्राच्या तोंडावर रिद्धी पुन्हा आली. या वेळी ती भांडली नाही. "दसऱ्याला संध्याकाळी अंगणात पडदा लावतोय," ती म्हणाली. "सगळी भावकी येणार आहे. तुम्ही घेऊन या. पेन ड्राइव्ह पाठवू नका, तुम्ही स्वतः या. बाबा हो म्हणालेत."

धर्मेश हो म्हणाला, हे हरेशला पचायला जड गेलं. त्या दिवशी त्याने डिस्क उघडली, ती नुसती बघायला, काहीतरी खोट काढायला. आणि हळदीच्या शूटिंगमध्ये त्याला त्याची आई भेटली.

मोतीबाई मांडवात बसून ढवळे गात होती. वयाने आवाज चिरका झाला होता, पण सूर जागचा हलत नव्हता. ढवळ्यात घरच्या माणसांची नावं घ्यायची रीत असते. आज्याचं, पणज्याचं, मग बापाचं, चुलत्यांचं. जनूचं नाव झालं. धर्मेशचं झालं. मग म्हातारी थांबली, तिने पदराने तोंड पुसलं आणि ठणठणीत आवाजात हरेशचं नाव घेतलं. कॅमेऱ्यात मागे धर्मेश उभा होता. त्याची मान खाली गेली, पण त्याने आईला अडवलं नाही.

हरेशने तो तुकडा पुन्हा लावला. मग पुन्हा. शेवटी त्याने शटर खाली ओढलं आणि ढसाढसा रडला. बाकी कोणाकडेही हे गाणं नव्हतं. मोबाईलवाली सगळी पोरं त्या वेळी बाहेर डीजेचे स्पीकर चढवत होती, आणि त्यांच्याकडे नाचाचे तुकडे सोडून काही नव्हतं. आईच्या तोंडचं त्याचं नाव साऱ्या जगात फक्त त्याच्या टेबलावर होतं. दसऱ्याला ते अख्ख्या भावकीला ऐकवायचं, आणि त्या आवाजाच्या आधाराने आपल्या घराची पायरी चढायची, असं त्याने ठरवलं. भावावरचा राग गेला नव्हता, पण घरी जायची इच्छा रागापेक्षा मोठी निघाली.

मग तो कामाला जुंपला. कॉम्प्युटर पिढ्यान्‌पिढ्या चालवल्यासारखा चालवणाऱ्या या माणसाला नुकताच एक नवा नाद लागला होता. कॅम्पातल्या बाजारातून त्याने जुन्या सर्व्हरमधली रॅम आणून मशीनमध्ये ठासली होती. एवढी मेमरी कामात लागत नाही, बरीचशी मोकळी पडून राहते. त्या मोकळ्या मेमरीलाच एका सॉफ्टवेअरने वेगळा ड्राइव्ह म्हणून वापरता येतं. स्क्रीनवर तो बाकीच्या ड्राइव्हसारखाच दिसतो, पण त्याच्यात ठेवलेला व्हिडिओ असा पळतो की बोट लावायच्या आत उघडतो. खोट एकच. ती मेमरी असल्यामुळे मशीन बंद झालं की तो ड्राइव्ह रिकामा होतो. बंद होताना सगळं हार्ड डिस्कवर उतरवून ठेवायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये होती, पण त्यात वेळ जातो म्हणून हरेशने ती काढून टाकली. "लाइटीला भिनारे वेगले," तो म्हणायचा. इन्व्हर्टर होता, वर यूपीएस होता. अख्खी विठ्ठलवाडी अंधारात बुडाली तरी हरेशचं मशीन चालू राहणार. जिज्ञासाने एकदा विचारलं होतं, हे नवीन काय घेतलंत म्हणून. "तुला सांगून काय कळनार हाय?" असं म्हणून त्याने तिला वाटेला लावलं होतं.

लग्नातलं कामाचं तेवढं निवडून त्याने त्या रॅमड्राइव्हवर ठेवलं. कायद्याप्रमाणे कॉपी न करता, उचलून. बिनकामाचं पुसून टाकलं. रिकाम्या झालेल्या डिस्कवर महेंद्रचं गरब्याचं शूटिंग काठोकाठ भरलं, कारण जागा फुकट जाऊ देणं त्याला जमत नसे. महेंद्रच्या कॅमेऱ्यातली कार्डं तर कधीच दुसऱ्या लग्नांना लागली होती. अशा रीतीने रिद्धीचं लग्न एकाच जागी राहिलं.

दसऱ्याच्या सकाळी काम पुरं झालं होतं. शेवटचं आउटपुट पेन ड्राइव्हवर काढायचं तेवढं बाकी होतं. हरेशने मनाशी हिशेब केला, आधी दाढी-कटिंग करून येऊ, केसांना काळा रंग लावू, आणि मग निवांत आउटपुट टाकू. भावकीसमोर म्हाताऱ्यासारखं जायचं नव्हतं. सवयीप्रमाणे त्याने दोन्ही स्क्रीन बंद केले, मशीन चालू ठेवलं आणि सलूनला गेला.

मागून जिज्ञासा झेंडूच्या माळा, हळद-कुंकू आणि नारळ घेऊन गाळ्यात आली. दसऱ्याला हत्यारं पुजायची आणि पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी कामाला लावायचं नाही, ही गायकरांची रीत. जनू फावडी-कोयते धुऊन मांडायचा, हरेश मशीन पुजायचा. दर वर्षी तो स्वतः आदल्या दिवशी मशीन बंद करून ठेवायचा, आणि कधी ते चालू राहिलं असताना जिज्ञासाने त्याच्या फिरत्या पंख्याला कुंकू लावलं तर बोंब मारायचा. यंदा कामाच्या नादात पूजा त्याच्या डोक्यातूनच गेली होती. "चालू मशीनीला पानी लागला तर जलंल ना ती," असं सांगून त्यानेच तिला बंद करायचं शिकवलं होतं. वायर ओढायची नाही, नीट बंद करायची, काही विचारलं तर हो म्हणायचं.

तिने खाली वाकून पाहिलं तर मशीनचा दिवा लुकलुकत होता. गडबडीत विसरले असतील, असं तिला वाटलं. तिने स्क्रीन लावला, शिकवल्याप्रमाणे बंद करायचं बटण दाबलं. मशीनने काहीतरी इंग्रजीत विचारलं, तिने हो म्हटलं. दिवा विझल्यावर ओल्या फडक्याने मशीन पुसलं, हळद-कुंकू वाहिलं, वर झेंडूची माळ घातली आणि हात जोडले. संध्याकाळी सगळं नीट होऊ दे, एवढंच तिने मागितलं.

हरेश काळेभोर केस घेऊन परत आला तेव्हा ती नारळ फोडत होती. त्याने आधी माळ पाहिली. मग दिव्याकडे पाहिलं. पुढे जे झालं त्याचा आवाज झेरॉक्सवाल्याने दुकान सोडून येऊन ऐकला. हरेशने माळ तोडून फेकली, मशीन लावलं. रॅमड्राइव्ह होता, त्याच नावाने, त्याच जागी, नवाकोरा, आत काही नाही. त्याने डिस्कवरून पुसलेलं परत आणायचं सॉफ्टवेअर चालवलं. त्यातून गरब्यात नाचणाऱ्या बायकांचे हात बाहेर आले आणि एका ठिकाणी मांडवाचा खांब. आईचा आवाज नाही, नाव नाही, काही नाही.

"कोनी सांगलता तुला हात लावायला?"

"तुम्हीच शिकवलंत," जिज्ञासा म्हणाली. ती रडत होती, पण मागे हटली नाही. "दर वर्षी तुम्हीच सांगता, बंद करून पूजा कर. यंदा वेगळं आहे हे सांगायला तोंड नव्हतं तुम्हाला? विचारलं तेव्हा म्हणालात, तुला काय कळणार. नाहीच कळलं मला. मग आता कोणावर ओरडताय?"

हरेशने खुर्चीला लाथ घातली.

न जाणं शक्य नव्हतं. तो गेला नसता तर मुद्दाम गेला नाही असं झालं असतं. संध्याकाळी दोघं स्कूटरवर जांभूळला निघाले. "मी सांगते," जिज्ञासा मागून म्हणाली. "माझ्या हातून झालं म्हणून सांगते. पाया पडते त्यांच्या."

"तू तोंड उघडायचा नाय," हरेश म्हणाला. पण मनात त्याने खरं सांगायचंच ठरवलं होतं. वाक्यं जुळवत जुळवत तो गावात शिरला.

अंगणात पांढरा पडदा ताणला होता, खुर्च्या मांडल्या होत्या, भावकी जमली होती. ओट्यावर मोतीबाई बसली होती. "हऱ्या आला," ती म्हणाली आणि तिथेच डोळे पुसायला लागली. पायरीपाशी धर्मेश उभा होता. केस पांढरे झाले होते, छाती आत गेली होती. रंगवलेले केस घेऊन हरेश त्याच्यासमोर उभा राहिला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"आनलास?" धर्मेशने विचारलं.

"नाय. गेला सगला," हरेश म्हणाला. "मेमरीत ठेवलता. मशीन बंद झाली आन्..."

"गेला म्हनजे?"

"मशीन बंद झाली की मेमरी रिकामी होते. तसा ड्राइव हाय तो."

मागून कोणीतरी खिदळलं. "आयला, जल्मभर मशीन चालवली आन् बटन दाबल्याव लगीन उडून जाते?" दुसरा म्हणाला, "उल्लासनगरचा माल असंल." अख्ख्या अंगणाला हसू फुटलं. खुर्च्यांवरचे ते दात बघून हरेशचे कान तापले. ज्या एका गोष्टीवर तो आयुष्यभर माजून चालला होता, तीच हे लोक चघळत होते. धर्मेश मात्र हसत नव्हता. तो भावाचं तोंड न्याहाळत होता.

"हऱ्या, आमाला येडा समजू नको," तो हळू म्हणाला. "तुज्यासारक्याकरून अशी चूक होल? खरा सांग. तू पुसलास."

हरेशसमोर दोन वाटा होत्या. आपण गाढव आहोत आणि आपल्या बायकोने पूजेसाठी लग्न पुसलं, असं सांगायचं, किंवा दुसरं. जिज्ञासाने तोंड उघडलं. हरेशने तिचं मनगट घट्ट दाबलं.

"हां," तो म्हणाला. "मी पुसला."

मोतीबाईने पदर तोंडाला लावला. धर्मेशने मोठा श्वास सोडला, आणि त्याचे खांदे सैल पडलेले सगळ्यांना दिसले.

"बाचा तोंड मी तुना दाखवला नाय," तो म्हणाला. "माज्या पोरीचा लगीन तू मना दाखवला नाय. फिटला. आता कोनी कोनाचा काय देना लागत नाय." त्याने पायाने एक खुर्ची पुढे सरकवली. "बस. ए, च्या आना रं."

हरेश बसला. त्याला काय वाटलं ते सांगायला हवं. त्याला बरं वाटलं. मशीनचं ज्ञान अंगणात कोणालाच नव्हतं, पण सूड सगळ्यांना कळत होता. मघाचे दात बंद झाले होते. लोक आता त्याच्याकडे जरा दबकून बघत होते. गाढव म्हणून तो या घरातून हाकलला गेला असता, आणि वैरी म्हणून त्याच्या हातात चहा आला. दोन भाऊ शेजारी-शेजारी बसून फुरके मारत होते, आणि समोर पांढरा पडदा रिकामाच हलत होता.

तेवढ्यात रिद्धी आपट्याच्या पानांचं ताट घेऊन बाहेर आली. तिने दाराआडून सगळं ऐकलं होतं. धर्मेशने तिला हाक मारली, "ये गो, काकाला सोना दे. मिटला आता सगला."

"तुमचं मिटलं," रिद्धी म्हणाली. "लग्न माझं होतं."

ती हरेशपाशी आली. तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, कारण ओरडणाऱ्याशी कसं वागायचं ते हरेशला येत होतं.

"हळदीत आजीला तुमचं नाव घ्यायला मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "बाबा नको म्हणत होते. हळद लावून घेणार नाही म्हणून मी अडून बसले, तेव्हा ते तयार झाले. ते तुम्हाला ऐकायला मिळावं, एवढ्यासाठी काम तुमच्याकडे दिलं. मला एकच सांगा, काका. ऐकलंत ना ते?"

हरेशला खोटं बोलता आलं असतं. पण आईच्या त्या आवाजाबद्दल त्याला खोटं बोलवेना.

"ऐकला," तो म्हणाला.

"ऐकलंत," रिद्धी म्हणाली. "आणि तरी पुसलंत."

जिज्ञासा हुंदका देऊन पुढे झाली, तसा हरेशने तिच्याकडे पाहिलं. आता खरं सांगितलं तर शेजारचा भाऊ उठून जाणार, सरकवलेली खुर्ची परत ओढली जाणार. जिज्ञासा जागच्या जागी थांबली. तिने मान फिरवली.

रिद्धीने वाकून वडिलांना पान दिलं. आजीला दिलं, तिच्या पाया पडली. जिज्ञासाला दिलं. मग खुर्च्यांच्या ओळीतून एकेकाच्या हातावर पान ठेवत ती शेवटच्या माणसापर्यंत गेली आणि ताट घेऊन घरात निघून गेली.

हरेशने हात पुढे केला होता. तो तसाच राहिला होता. धर्मेशने ते पाहिलं आणि आपल्या हातातलं पान त्याच्या तळहातावर ठेवलं. "घे," तो म्हणाला, "पोर हाय. इसरंल."

हरेशने पान मुठीत घेतलं आणि मान हलवली.